फुटली, पण सांडली नाही!

मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

सुट्टीत मी एका काच कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथे टफन केलेल्या दोन काचांमध्ये पीव्हीबीची फिल्म घालून, ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाब देऊन इमारतींसाठी काच बनते. तपासणीत एका काचेच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले. एवढ्याने काय होतंय, म्हणून मी ती पास केली. तिथल्या काकांनी ती परत काढून रिजेक्ट केली. ती गॅलरीच्या कठड्याची होती. मला राग आला. पण मग मी एदुआर बेनेदिक्तुसबद्दल वाचलं.

याचा जन्म १८७८ साली पॅरिसचा. चित्रकार, संगीतकार आणि वर केमिस्ट! असं सांगतात की १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू उंचावरून पडला. तडे गेले, पण तुकडे जागच्या जागीच. आत सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण सुकून पातळ थर बसला होता. पुढे मोटार अपघातांत काचा लागून माणसं जखमी होतात हे वाचल्यावर त्याला तो चंबू आठवला. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. दोन काचा, मध्ये सेल्युलोज, म्हणून नाव ट्रिप्लेक्स. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांना हीच काच लागली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही काच उन्हात पिवळी पडायची, कडेने ओल शिरून थर सुटायचे. बेनेदिक्तुस शेवटपर्यंत गालिच्यांची आणि कापडांची सुंदर डिझाइन्स करत राहिला आणि १९३० मध्ये गेला. न पिवळणारी पीव्हीबी फिल्म त्यानंतर त्याच दशकात आली. ती त्याने पाहिलीच नाही.

आता माझा बुडबुडा. टफन केलेली काच रोलरवरून जाताना किंचित लहरी होते, अगदी सपाट राहत नाही. मधली फट फिल्मने भरली नाही, हवा अडकली किंवा फिल्मने ओल धरली, की बुडबुडा येतो, आणि कडेचा थर तिथूनच सुटू लागतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचंच दुखणं! चंबू न फुटणं हे नशीब होतं, पण दहाव्या मजल्यावरच्या कठड्याला नशीब पुरत नाही.

काका, तुमचं बरोबर होतं. सॉरी.