घामाचे दाम वेळेवर मागणारे रावबहादूर लोखंडे

शेतकरी बंधूंनो, रविवारी कचेरीला कुलूप दिसले की आपण चरफडतो. पण गिरणीत राबणाऱ्या माणसाला आठवड्याची ही एक सुट्टी कुणाच्या खटपटीने मिळाली, ठाऊक आहे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यातले कन्हेरसर.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घर गरीब माळ्याचे, शिक्षण बेताचे. रेल्वेत, टपालात नोकऱ्या करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे राबणारे लोक कोण होते? आपल्यातलेच! कोकण, सातारा, पुण्याकडचे कुणबी. शेतीत भागेना म्हणून मुंबई गाठलेले. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत काम. पगार हाती कधी पडेल, नेम नाही. मधेच काम सोडले तर थकलेला पगार बुडालाच. यंत्रात हात सापडला तर माणूस घरी. १८८१ साली कारखान्यांचा कायदा आला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालवून त्यांनी कामगारांची बाजू मांडली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे दिला. मागण्या काय होत्या, नीट बघा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची सोय.

यात पगार वाढवा असे कुठेच नव्हते. कबूल केलेला पैसा वेळेवर द्या आणि संकटात माणसाला वाऱ्यावर सोडू नका, एवढेच मागणे. दर कितीही ठरवा. तो हातात पडला नाही तर त्याचा उपयोग काय?

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन बायाही तिथे बोलल्या, बरं का! त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. १८९१ च्या कायद्यात सुट्टी आणि दुपारचा विसावा दोन्ही आले. मात्र लोखंड्यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंद नव्हती, नियमही नव्हते. त्यांच्यामागे ती टिकली नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत उतरले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले.

बाकीच्या मागण्यांना पुढची पिढी लागली. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ चा, वेळेवर पगाराचा १९३६ चा, किमान वेतनाचा १९४८ चा. शेवटच्या कायद्यात शेतमजूरही आला.

तेव्हा गावकारभाऱ्यांनो, नळाचे पाणी सोडणाऱ्याचा पगार आपल्या ग्रामपंचायतीत किती तारखेला होतो, एकदा पाहा. आणि शेतकरी बंधूंनो, मालाचे पैसे व्यापाऱ्याने अडवले की जीव कसा कासावीस होतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. खुरपणीच्या बाईची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी चुकती करा. लोखंड्यांचे मागणे याहून वेगळे नव्हते.