पॉली उम्रीगर

गिरण्या आणि चादरी यांमुळे नावारूपास आलेल्या सोलापुरात २८ मार्च १९२६ रोजी एका पारशी कुटुंबात पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म झाला. क्रिकेटचे जग त्यांना ‘पॉली’ या सुटसुटीत नावाने ओळखते. शालेय वयातच ते मुंबईस आले. तेथील मैदानांवर त्यांचा खेळ बहरला आणि अठराव्या वर्षी ते पारशी संघातून खेळू लागले. उंच, धिप्पाड शरीर आणि फटक्यांतील जोर यांमुळे ते लवकरच लोकांच्या नजरेत भरले. १९४८ मध्ये ते पहिला कसोटी सामना खेळले.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला नमवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात उम्रीगरांनी नाबाद १३० धावा केल्या. त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. पण यशाच्या पाठोपाठ कसोटीचा काळ आला. त्याच वर्षी भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेथे इतर सामन्यांत उम्रीगरांनी तीन द्विशतके ठोकली. परंतु कसोटी सामन्यांत फ्रेड ट्रूमन या द्रुतगती गोलंदाजापुढे त्यांचा निभाव लागेना. सात डावांत त्यांच्या अवघ्या ४३ धावा झाल्या. वेगवान चेंडूला ते भितात, असा ठपका त्यांच्यावर बसला.

या ठपक्याला उम्रीगरांनी खेळानेच उत्तर दिले. १९५३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पाच कसोटी सामन्यांत त्यांनी ५६० धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५९ मध्ये मँचेस्टर येथे त्याच ट्रूमनच्या गोलंदाजीसमोर त्यांनी ११८ धावा केल्या.

खरी परीक्षा १९६२ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये झाली. बार्बाडोस येथे वेगवान चेंडू डोक्यास लागून कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांचा जीव धोक्यात आला. त्यांना रक्त देणाऱ्यांत उम्रीगर होते. संघावर भीतीची छाया पसरली होती. अशा वेळी पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ली हॉलच्या वेगवान माऱ्यापुढे उम्रीगर निर्धाराने उभे राहिले. त्यांनी पाच गडी बाद केले आणि ५६ व नाबाद १७२ धावा काढल्या. भारत तो सामना हरला. परंतु दहा वर्षांपूर्वीचा तो ठपका मात्र कायमचा पुसला गेला.

५९ कसोटी सामन्यांत ३६३१ धावा व बारा शतके करून त्याच वर्षी ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. १९६२ मध्येच त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. पुढे आपले ज्ञान त्यांनी तरुणांच्या हाती दिले. क्रिकेटच्या शिक्षणावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि निवड समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथेच चौथ्या डावात चारशेहून अधिक धावा काढून भारताने वेस्ट इंडीजवर विजय मिळवला, तेव्हा त्या संघाचे व्यवस्थापक उम्रीगर होते.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूस दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो. अपयशाने खचून न जाता पुन्हा मैदानात उतरणाऱ्या या खेळाडूचे स्मरण सोलापूरकरांनीच नव्हे, तर प्रत्येक विद्यार्थ्याने ठेवावे.