मुंबईच्या शेजारची वेठबिगारी मोडून काढणाऱ्या गोदूताई परुळेकर कोण होत्या?

११ मार्च २०१८. नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुलुंडमधून मुंबईत शिरला. डोक्यावर लाल टोप्या, हातात लाल झेंडे आणि चालून चालून फोड आलेले पाय. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून विक्रोळी, घाटकोपर करत ही माणसं पुढे सरकत होती. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून ते रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले, याचं सगळ्या सोशल मीडियाने कौतुक केलं.

या मोर्चात आदिवासी मोठ्या संख्येने होते. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. मोर्चा काढला होता किसान सभेने.

आदिवासी आणि लाल झेंडा हे नातं मात्र ७० वर्षांहून जुनं आहे. ते जुळलं डहाणू लोकल जिथे जाते, त्याच पट्ट्यात. आणि ते जोडणारी एक बाई होती, पुण्याच्या सुखवस्तू घरातली, वकिलाची मुलगी. गोदावरी परुळेकर.

पुण्यातून मुंबईत

गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ सालचा. त्या काळात त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात असं शिक्षण घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या महिलांमध्ये त्यांचं नाव येतं. १९३२ मध्ये सत्याग्रहात तुरुंगवास झाला. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात पहिली महिला आजीव सदस्य म्हणून त्या दाखल झाल्या.

मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं, घरकामगारांना संघटित केलं. १९३९ मध्ये श्यामराव परुळेकरांशी लग्न झालं. दोघंही कम्युनिस्ट पक्षात आले आणि शेतकऱ्यांमध्ये काम करू लागले.

लग्नगडी म्हणजे काय?

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. डहाणू-उंबरगाव भागातले काही वारली तिथे आले होते. त्यांनी सांगितलेली परिस्थिती ऐकून गोदूताई त्यांच्या पाड्यांवर पोहोचल्या.

ज्यांची चित्रं आज कुर्त्यांवर आणि कॅफेच्या भिंतींवर दिसतात, तेच हे वारली. एकेकाळी इथली जमीन त्यांचीच होती. सावकारी आणि कर्जाच्या कागदांमुळे ती जमीनदारांच्या हातात गेली आणि मालक आपल्याच जमिनीवर कुळं झाले. पावसाळ्यात घरात दाणा नसला की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आलं की व्याजासकट परत करायची. वर जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं, ती वेठ.

सगळ्यात वाईट प्रकार होता लग्नगडीचा. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये कर्ज घेतलं की तो तरुण जमीनदाराचा गडी व्हायचा. लग्न होऊन आलेली बायकोही त्याच घरी राबायची. हिशोब जमीनदाराकडे, आणि वारल्याला लिहिता-वाचता येत नसे. त्यामुळे कर्ज कधी फिटायचंच नाही. नकार दिला तर मार बसायचा. बायकांवर अत्याचार व्हायचे.

हे कायदेशीर होतं का? नाही. एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध जबरदस्तीने राबवणं हा भारतीय दंड विधानात १८६० पासून गुन्हा होता. म्हणजे ८५ वर्षं कायदा होता, पण पाड्यापर्यंत पोहोचला नव्हता. पोलीस पाटलापासून फौजदारापर्यंत सगळ्यांची ऊठबस जमीनदाराच्याच ओटीवर होती.

झरीची सभा

२३ मे १९४५ रोजी झरी गावात (आता पालघर जिल्ह्यातला तलासरी तालुका) हजारो वारली जमले. तिथे ठरलं की यापुढे वेठ करायची नाही आणि दिवसाला १२ आणे, म्हणजे आजच्या हिशोबात ७५ पैसे, मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही.

सभेनंतर लोक टोळ्याटोळ्यांनी जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सोडवून घेऊन आले. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत काही आठवड्यांत खिळखिळी झाली.

गवत आणि गोळीबार

पण सुटका झाली तरी पोटाचं काय? गोदूताईंच्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. लग्नगडी सुटला आणि हाताला रोख मजुरी नसली, तर तो पुन्हा त्याच सावकाराच्या दारात जाणार. म्हणून पुढची लढाई मजुरीच्या दराची होती.

या भागात गवताचा मोठा धंदा होता. मुंबईतल्या जनावरांना इथूनच गवत जायचं. पावसाळा संपताच कापणी सुरू होते. ५०० पौंड, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी मागणी करत वारल्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये संप केला.

१० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले. किसान सभेच्या म्हणण्यानुसार हा जमीनदारांचा डाव होता. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या, असा निरोप पाड्यांवर पसरवला गेला आणि पोलिसांना मात्र सशस्त्र जमाव चाल करून येतोय असं सांगितलं गेलं. गोदूताई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

संप मात्र मोडला नाही. १९४६ मध्ये जंगलतोडीच्या कामासाठी रोज सव्वा रुपया मजुरीची मागणी घेऊन पुन्हा मोठा संप झाला. मुंबई प्रांतात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. सरकारच्या लेखी ही कम्युनिस्टांची चिथावणी होती. परुळेकर दांपत्याला हद्दपार केलं गेलं. नेते नसतानाही वारल्यांनी संप चालवला आणि नोव्हेंबरमध्ये लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला दर मान्य करावा लागला.

किमान वेतनाचा कायदा देशात आला १९४८ मध्ये. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा तर १९७६ चा. वारल्यांनी दोन्ही गोष्टी त्याआधीच मिळवून दाखवल्या होत्या.

पुढे काय झालं?

१९५७ मध्ये श्यामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच त्यांचं निधन झालं. गोदूताईंनी काम थांबवलं नाही. आदिवासी प्रगती मंडळातून तलासरीत शिक्षणाचं काम उभं राहिलं. आज तिथलं कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांच्या १० हजार घरांच्या वसाहतीलाही त्यांचंच नाव आहे.

वारली उठावाचा अनुभव त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं.

वारल्यांचे सगळे प्रश्न सुटले का? नाही. वेठ गेली, पण जमिनीचा प्रश्न राहिला. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, आणि त्यानंतर बारा वर्षांनीही तो नीट राबवा हे सांगायला लोकांना नाशिकहून मुंबईपर्यंत चालत यावं लागलं. कायदा पुस्तकात आणि माणूस पाड्यावर, हे १९४५ मध्ये गोदूताईंनी पाहिलेलं अंतर अजून पूर्ण मिटलेलं नाही.

दरवर्षी १० ऑक्टोबरला त्या भागात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. बोरिवलीहून डहाणूची लोकल पकडली, तर ही सगळी गावं फार लांब नाहीत.