आर्कचा फूत्कार आणि रॉयल सोसायटीचे दार

सिनेमागृहात बसलेल्या प्रेक्षकाचे सारे लक्ष पडद्याकडे असते. पाठीमागच्या भिंतीतील चौकोनी खिडकीतून येणाऱ्या प्रकाशझोताकडे वळून पाहणारा विरळाच. झेनॉनचे दिवे सर्वत्र रूढ होण्यापूर्वी या खिडकीमागच्या खोलीत ऑपरेटर दोन कार्बनकांड्यांच्या टोकांमध्ये पेटलेली विजेची ज्योत काळ्या काचेतून न्याहाळत बसलेला असे. कांड्या जळून आखूड होत, त्यांच्यातील अंतर वाढे आणि ते वेळेवर सावरले नाही तर पडदा काळवंडे. प्रेक्षक शिट्ट्या वाजवू लागत. शास्त्रीय परिभाषेत जिला विद्युत् प्रज्योत म्हणतात आणि ऑपरेटर जिला आर्क म्हणे, ती ही ज्योत मोठी लहरी होती. तिच्या लहरींमागचे नियम शोधून काढण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका स्त्रीकडे जाते. हर्था आयर्टन हे तिचे नाव. १९२३ साली ती निवर्तली. तिच्या शोधाचा स्वीकार करताना विद्वानांच्या जगाला फारशी अडचण पडली नाही. अडचण पडली ती तिला आपल्यात बसायला जागा देताना. या विसंगतीचा विचार आजही उपयोगाचा आहे.

शिवणकामावर पोसलेले घर

तिचे मूळचे नाव फीबी सारा मार्क्स. २८ एप्रिल १८५४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्सी येथे तिचा जन्म झाला. वडील पोलंडमधून आलेले ज्यू, घड्याळाच्या धंद्यातले. १८६१ मध्ये ते वारले, तेव्हा घरात सात मुले होती आणि आठवे व्हायचे होते. आईने शिवणकाम करून संसार रेटला. सारा नऊ वर्षांची झाल्यावर लंडनमध्ये शाळा चालवणाऱ्या मावशीने तिला शिक्षणासाठी आपल्याकडे नेले. धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी हाताशी असणे ही त्या आईची केवढी गरज होती! तरीही तिने मुलीला पाठवले. मुलींना जगात अधिक झगडावे लागते, म्हणून त्यांना शिक्षणही अधिक हवे, असा त्या निर्धन विधवेचा हिशेब होता. तो अनेक सधन बापांच्या हिशेबापेक्षा शहाणपणाचा ठरला.

सोळाव्या वर्षापासून सारा श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून पैसे मिळवू लागली व त्यातून आईला मदत करू लागली. याच काळात एका मैत्रिणीने तिला स्विनबर्नच्या कवितेवरून हर्था हे नाव दिले व तेच पुढे रूढ झाले. स्त्रीशिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या बार्बरा बोडिशॉन यांच्याशी तिचा परिचय झाला. त्यांच्या आणि कादंबरीकार जॉर्ज एलियट यांच्या पाठिंब्यामुळे तिला केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात प्रवेश मिळाला. १८९९ मध्ये रघुनाथराव परांजपे यांनी ज्या परीक्षेत सीनियर रँग्लरचा मान मिळवला, त्याच गणित ट्रायपॉसची परीक्षा हर्था १८८० मध्ये उत्तीर्ण झाली. परंतु केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे १९४८ पर्यंत ते देत नव्हते. म्हणून १८८१ मध्ये तिने लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी घेतली.

मोकळ्या वेळाची किंमत

१८८४ मध्ये हर्थाने रेषेचे समान भाग पाडण्याचे एक उपकरण तयार करून त्याचे पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे पैसे बोडिशॉनबाई आणि त्यांच्या एका स्नेही स्त्रीने पुढे केले. त्याच वर्षी ती फिन्सबरी टेक्निकल कॉलेजातील रात्रीच्या वर्गात वीजशास्त्र शिकू लागली. तेथील प्राध्यापक विल्यम आयर्टन हे पूर्वी हिंदुस्थानच्या तार खात्यात नोकरी करून, पुढे जपानमध्ये अध्यापन करून परतलेले नामांकित वीजतज्ज्ञ होते. १८८५ मध्ये दोघांचा विवाह झाला. प्राध्यापकांना पहिल्या, दिवंगत पत्नीपासून एक मुलगी होती; १८८६ मध्ये हर्थालाही मुलगी झाली. पुढची काही वर्षे संसारात गेली. बुद्धिमान स्त्रियांच्या असंख्य चरित्रांचे शेवटचे प्रकरण याच ठिकाणी लिहिले जाते.

आयर्टनबाईंचे चरित्र पुढे सरकले, त्याला एक अगदी व्यावहारिक कारण घडले. १८९१ मध्ये बोडिशॉनबाई वारल्या आणि त्यांनी मृत्युपत्रात हर्थासाठी काही रक्कम ठेवली. त्या पैशातून आईच्या निर्वाहाची सोय झाली आणि घरकामासाठी पगारी बाई ठेवता आली. संशोधनाच्या खर्चाचा विचार करताना यंत्रे, इमारती आणि शिष्यवृत्त्या यांची बेरीज केली जाते. मोकळा वेळ हा त्या सर्वांच्या आधीचा कच्चा माल असतो आणि त्यालाही किंमत पडते, हे जमाखर्चात कोठे दिसत नाही. प्राध्यापक पतीला तो वेळ घरातून विनामूल्य मिळत होता. पत्नीला तो विकत घ्यावा लागला, आणि त्याचे मोल एका दूरदर्शी मैत्रिणीने दिले.

जळालेला कागद, उमगलेली ज्योत

आर्कवरील प्रयोग मुळात प्राध्यापक आयर्टन यांचे. १८९३ मध्ये ते शिकागोच्या वीजपरिषदेसाठी गेले असताना त्यांच्या तीन वर्षांच्या कामाचा निबंध घरातील नोकराकडून चुकून विस्तव पेटवण्यात गेला. प्राध्यापकांना पुन्हा त्या खटाटोपात पडण्याची उमेद राहिली नाही. आयर्टनबाईंनी मात्र सारे प्रयोग नव्याने करण्याचे ठरवले आणि निराळ्या पद्धतीने करण्याचे ठरवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यांवर व सभागृहांत आर्कचे दिवे लागले होते, पण त्यांचा स्वभाव कोणाला नीट कळला नव्हता. ते फडफडत, रंग बदलत आणि मध्येच सापासारखा फूत्कार काढू लागत. फूत्कार सुरू झाला की दोन कांड्यांमधील विद्युत् दाब एकाएकी सुमारे दहा व्होल्टने खाली येई आणि प्रकाश अस्थिर होई. आर्कचा बहुतेक प्रकाश ज्योतीतून येत नाही. तो धन कांडीच्या टोकाला पडणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र तापलेल्या खळग्यातून येतो. आयर्टनबाईंनी या खळग्याचा आकार बारकाईने पाहिला. प्रवाह वाढवत नेला की खळगा पसरतो आणि अखेर कांडीच्या टोकावर मावेनासा होऊन बाजूवर चढतो. तेथे बाहेरची हवा त्याला भिडते, हवेतील ऑक्सिजनचा तप्त कार्बनशी संयोग होतो आणि फूत्कार उमटतो. त्यांनी आर्क बंद भांड्यात पेटवून हवा अडवली, तेव्हा दाबाची ती एकाएकी होणारी घसरण नाहीशी झाली. ऑक्सिजन आत सोडताच ती परत आली. अनुमान असे दोन्ही बाजूंनी पारखून घेतल्यावर शंकेला जागा उरली नाही.

दाब, प्रवाह आणि कांड्यांमधील अंतर यांचा परस्परसंबंध सांगणारे समीकरणही त्यांनी मांडले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यातून असे दिसते की, अंतर कायम ठेवून आर्कमधील प्रवाह वाढवला तर दाब कमी होतो. साध्या तारेत याच्या नेमके उलट घडते. त्यामुळे असा दिवा सरळ वीजपुरवठ्याला जोडला तर प्रवाह बेबंद वाढत जाईल. त्याला आवर घालणारी योजना मंडलात असावीच लागते.

१८९५ पासून या विषयावरील त्यांचे लेख इंग्लंडमधील वीजतज्ज्ञांच्या प्रमुख साप्ताहिकात येऊ लागले. मार्च १८९९ मध्ये वीज अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी आर्कच्या फूत्कारावरील आपला निबंध स्वतः वाचला. त्या व्यासपीठावर स्वतःचा निबंध वाचणारी ही पहिली स्त्री. त्याच महिन्यात संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. १९०२ मध्ये आर्कवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्या विषयातील प्रमाणग्रंथ ठरला.

कायद्याच्या लेखी अस्तित्व नसलेली शास्त्रज्ञ

रॉयल सोसायटीचा अनुभव निराळा होता. १९०१ मध्ये तेथे आर्कवरील त्यांचा निबंध वाचला गेला, पण तो जॉन पेरी यांच्या मुखाने. स्त्रीला तेथे वाचण्याची मुभा नव्हती. १९०२ मध्ये पेरी आदी शास्त्रज्ञांनी फेलो म्हणून आयर्टनबाईंचे नाव सुचवले. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला. विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नाही, म्हणून ती फेलो होऊ शकत नाही, असा अभिप्राय पडला आणि प्रस्ताव बारगळला. त्यांच्या योग्यतेची चर्चा करण्याची वेळच आली नाही. पेटंट कचेरी त्यांच्या नावाने पेटंट नोंदवून घेत होती, फी स्वीकारत होती. विद्वत्सभेला मात्र त्या व्यक्ती म्हणून दिसत नव्हत्या.

दोन वर्षांनी थोडी फट पडली. समुद्रकाठच्या वाळूवर उमटणाऱ्या वळ्यांवरील निबंध १९०४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीपुढे स्वतः वाचता आला. १९०६ मध्ये सोसायटीने आर्क व वाळूच्या वळ्या यांवरील कामाबद्दल त्यांना ह्यूज पदक दिले. हे पदक पुन्हा स्त्रीच्या हाती जाण्यास २००८ साल उजाडावे लागले. पदक देणाऱ्या संस्थेत बसण्याचा अधिकार मात्र आयर्टनबाईंना अखेरपर्यंत मिळाला नाही.

ब्रिटिश आरमाराला शोधझोताच्या दिव्यांसाठी उत्तम कार्बनकांड्या हव्या होत्या. ते काम प्राध्यापक आयर्टन यांच्याकडे आले. त्यांची प्रकृती ढासळली तसे ते पत्नीच्या अंगावर पडले. १९०८ मध्ये प्राध्यापक वारले. आयर्टनबाईंचे आर्कवरील काम त्यानंतरही चालू राहिले व सिनेमाच्या प्रक्षेपणाच्या दिव्यांपर्यंत पोहोचले. त्यांनी घेतलेल्या २६ पेटंटांपैकी १३ आर्क दिवे व कार्बनकांड्या यांविषयीची होती.

स्वतःला सोसावे लागले तेवढ्यापुरते त्यांचे भान मर्यादित नव्हते. रेडियमच्या शोधाचे श्रेय वृत्तपत्रे पियरे क्यूरींना देऊ लागली, तेव्हा मादाम क्यूरींचा हक्क मांडणारे पत्र त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. १९१२ मध्ये आजाराने व लोकापवादाने खचलेल्या मादाम क्यूरींना त्यांनी इंग्लंडमध्ये आपल्याजवळ गुप्तपणे आश्रय दिला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. नोव्हेंबर १९१० मध्ये पार्लमेंटवर गेलेल्या आणि पोलिसांच्या धक्काबुक्कीला तोंड द्यावे लागलेल्या शिष्टमंडळात वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्या होत्या. तुरुंगात उपोषण करून सुटलेल्या स्त्रियांची शुश्रूषा त्यांच्या घरी होई. १९११ च्या शिरगणतीत त्यांनी माहिती देण्याचे नाकारले. दोन उमेदवारांमधून एकाला मत देण्याइतकी बुद्धी आपल्याला नसेल, तर या साऱ्या प्रश्नांची उत्तरे आपण कशी द्यावीत, असा त्यांचा सवाल होता. पहिल्या महायुद्धात खंदकांतील विषारी वायू हाकलण्यासाठी त्यांनी एक साधा पंखा बनवला. त्याच्या उपयुक्ततेविषयी मतभेद राहिले, तरी असे एक लाखाहून अधिक पंखे आघाडीवर पाठवले गेले.

ज्योत तीच, भांडे निराळे

२६ ऑगस्ट १९२३ रोजी ससेक्समध्ये त्यांचे निधन झाले. किडा चावल्याचे निमित्त होऊन रक्तात विष भिनले होते. त्यानंतर आर्कचे रूप पालटले. प्रक्षेपकात चित्रामागची चौकट लहान असते. पसरट दिव्याचा प्रकाश तीतून पुरेसा जात नाही, म्हणून प्रकाशाचा उगम बिंदूएवढा, अतिशय प्रखर आणि स्थिर लागतो. १९५० नंतरच्या दशकांत उघड्या कार्बन आर्कची जागा क्वार्ट्झच्या फुग्यात अधिक दाबाखाली कोंडलेल्या झेनॉनच्या आर्कने घेतली. १९९५ मध्ये फिलिप्स कंपनीने वर्गात वा कचेरीत वापरण्याजोग्या प्रक्षेपकांसाठी असा दिवा आणला की, त्यात पाऱ्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक आणि आर्कची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. आता लेसर त्यांचीही जागा घेत आहे. परंतु आर्क उघडा असो वा कोंडलेला, हवेला अटकाव करणे, उगम जागेवर स्थिर ठेवणे आणि प्रवाहाला आवर घालणे हे त्याच्या शिल्पकारांपुढचे प्रश्न आयर्टनबाईंनी अभ्यासलेल्या प्रश्नांच्याच कुळातले आहेत.

१९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना फेलो म्हणून निवडले. त्याच वर्षी आयर्टनबाईंची मुलगी बार्बरा ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आली. दोन्ही दारे उघडली, तेव्हा आयर्टनबाईंना जाऊन बावीस वर्षे झाली होती. त्यांना मावशीची शाळा मिळाली, बोडिशॉनबाईंचा पैसा मिळाला, रात्रीचा वर्ग मिळाला. यांपैकी एखादी गोष्ट न मिळालेल्या मुलींची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. समाजाने गमावलेल्या संपत्तीत ही रक्कम कधी धरली जात नाही. शाळा-महाविद्यालयांतून हुशार मुलगी मध्येच दिसेनाशी होते, तेव्हा हजेरीपटावरील एक नाव खोडले जाते आणि वर्ग पुढे चालू राहतो. ती रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने एकदा तिच्या घरी चौकशी करावी, एवढे तरी आयर्टनबाईंच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे.