कोण होत्या हमीदा बानू? पुरुष मल्लांना आव्हान देणाऱ्या महिला पैलवानाची गोष्ट

सोलापूर, सांगलीकडच्या जत्रांमध्ये आता मुलींच्याही कुस्त्या लागतात. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने मैदान मारलं. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी, महिलांसाठी ना गट होता ना गदा, तेव्हा एक बाई लंगोट कसलेल्या पुरुषांसमोर उभी राहत होती. तिचं नाव हमीदा बानू.

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या. कुस्तीसाठी त्या अलीगढला सलाम पैलवान यांच्याकडे आल्या. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना अलीगढची ॲमेझॉन असं नाव दिलं. उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो. त्यांच्या खुराकाचीसुद्धा बातमी व्हायची. रोजचं साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, अर्धा किलो लोणी आणि वर बिर्याणी.

त्यांचं नाव किती मोठं होतं? १९४४ मध्ये मुंबईत गुंगा पैलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २० हजार लोक जमले होते. गुंगाने ऐनवेळी जादा पैसे आणि वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली.

फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, जो मल्ल आपल्याला चितपट करेल त्याच्याशी आपण लग्न करू. पतियाळाचा एक आणि कोलकात्याचा एक, असे दोन मल्ल हरले. मे महिन्यात त्या बडोद्याला पोहोचल्या. तिथे छोटे गामा पैलवानाने बाईशी लढणार नाही म्हणून माघार घेतली. मग समोर आले बाबा पैलवान. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली. तोवर ३०० हून जास्त कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता.

पण खरी अडचण जिंकण्यातच होती.

बाई पुरुषाला पाडते म्हणजे ही नुराकुस्तीच, आधीच ठरवलेली, असं अनेकांचं म्हणणं होतं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. एका ठिकाणी तर पुरुष मल्लाला हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, दगड मारले. शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं.

आपल्या कुस्त्यांवर अघोषित बंदी आहे, अशी तक्रार त्यांनी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे केली. देसाईंचं उत्तर असं होतं की, बाई म्हणून बंदी नाही; आयोजक नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत.

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला मिनिटभराच्या आत हरवलं आणि युरोपात लढायला जाणार असल्याचं जाहीर केलं. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या आखाड्यातून दिसेनाशा झाल्या. युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी मारहाण केली आणि त्यात हात मोडला, असं त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे बीबीसीला सांगितलं.

नंतरचं आयुष्य कल्याणमध्ये गेलं. दूध विकून आणि भाड्याच्या पैशांवर घर चाललं. तेही पुरेना, तेव्हा रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकले. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. ४ मे २०२४ ला गुगलने त्यांच्यावर डूडल केलं आणि नवीन पिढीला हे नाव कळलं.

मग त्यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या की ठरवलेल्या? प्रत्येक कुस्तीबद्दल आज छातीठोक सांगता येणार नाही, कारण तेव्हा पैशांसाठी लावलेल्या कुस्त्यांमध्ये पुरुषांवरही असे आरोप व्हायचे. फरक एवढाच की पुरुष मल्लाला स्वतःला सिद्ध करायला दुसरी जागा होती. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं. महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली २००४ साली, हमीदा बानू गेल्यानंतर १८ वर्षांनी. हरल्या असत्या तर हसं झालं असतं, आणि जिंकल्या तर लोकांनी खोटं ठरवलं.