एमिल थिओडोर कोखर

एमिल थिओडोर कोखर (२५ ऑगस्ट १८४१ – २७ जुलै १९१७) हे स्विस शल्यचिकित्सक होते. अवटू ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची, शरीरक्रिया, विकृती आणि शस्त्रक्रिया यांवरील कार्यासाठी त्यांना १९०९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले शल्यचिकित्सक होत.

कोखर यांचा जन्म बर्न येथे झाला. तेथेच वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी युरोपातील अन्य विद्यापीठांतही अध्ययन केले. १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ते बर्न विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

कार्य

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात आयोडीनच्या अभावामुळे गलगंड सर्रास आढळत असे. त्यावरील शस्त्रक्रिया रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांमुळे प्राणघातक ठरे. कोखर यांनी निर्जंतुकतेचा कटाक्ष आणि रक्तवाहिन्या आधीच बांधण्याची संथ, काटेकोर पद्धत यांच्या बळावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आणले. मात्र याच यशाच्या पोटी एक अनर्थ दडलेला होता. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची अवटू ग्रंथी संपूर्ण काढली होती. पुढे तिची वाढ खुंटली, चेहरा सुजला, बुद्धी मंदावली. धाकटी बहीणही तिच्यापेक्षा उंच झाली. जिनिव्हाचे शल्यचिकित्सक झाक-लुई रेव्हेर्दँ यांनीही आपल्या रुग्णांतील अशाच बदलांकडे लक्ष वेधले होते. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून घेतले. ग्रंथी पूर्ण काढलेल्या व तपासणीस आलेल्या १८ जणांपैकी १६ जणांत हीच लक्षणे दिसली. हा निष्कर्ष त्यांनी १८८३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत स्वतःच मांडला आणि साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. नोबेल पारितोषिकाइतकेच मोल या कबुलीलाही द्यावयास हवे.

व्हिएन्नातील थिओडोर बिलरोट यांच्या रुग्णांना मात्र निराळाच त्रास होई : त्यांच्या हातापायांना आकडी येई. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी पुढे याची उकल केली. बिलरोट यांच्या वेगवान हातून अवटू ग्रंथीचा अंश मागे राही, पण तिच्या पाठीमागील चिमुकल्या परावटू ग्रंथी निघून जात आणि रक्तातील कॅल्शियम घटे. कोखर यांच्या संथ हातून नेमके उलट घडे. इव्हार सँडस्ट्रॉम यांनी मानवातील या ग्रंथींचे वर्णन १८८० मध्येच केले होते, परंतु त्याची दखल फारशी कोणी घेतली नव्हती. सभोवतालच्या चरबीत सहज मिसळून जाणाऱ्या या ग्रंथी आजही शल्यचिकित्सकाला चकवतात. त्या समीप-अवरक्त प्रकाशात रंगद्रव्याविना आपोआप चमकतात, असे अलीकडे आढळल्याने विशेष कॅमेऱ्याच्या साहाय्याने त्या ओळखल्या जातात. त्यांचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही, हे पाहण्यासाठी मात्र शिरेतून हिरवे रंगद्रव्य द्यावे लागते.

कोखर यांनी अवटू ग्रंथीच्या पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. निखळलेला खांदा बसवण्याची पद्धत आणि शस्त्रक्रियेतील दातेरी चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. बर्नमधील एका रस्त्यालाही त्यांचे नाव आहे.