बोटं सैल, सूर मोकळे : गोविंदराव टेंबे

सबमिशनच्या आदल्या रात्री टाईप करून मनगट अवघडलं की आपण हात झटकतो आणि पुन्हा कामाला लागतो. आपल्या कडा परिसरात सप्त्यात पेटी वाजवणाऱ्यांचंही असंच होतं. दोन तास भजनाला साथ केली की खांदा भरून येतो. मीसुद्धा पेटी शिकलो ती पट्ट्या जोरजोरात दाबूनच. पुढे गोविंदराव टेंबे यांच्याविषयी वाचलं आणि आपलं कुठं चुकतंय याचा विचार सुरू झाला.

गोविंदरावांचा जन्म 1881 चा. कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणात ते घडले. भास्करबुवा बखले यांचं गाणं त्यांनी मनापासून ऐकलं, त्यांना पेटीची साथही केली. पेटीतून गळ्यासारखं गाणं काढणारा वादक म्हणून त्यांचं नाव झालं.

हे सोपं नव्हतं. पेटीचे सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. मग गाण्याचा भास होणार कसा? एक सूर सुटता सुटता दुसरा लागला, मध्ये तुटकपणा राहिला नाही, तरच. त्यासाठी बोटं हलकी हवीत. ताठ बोट वेळेवर उठत नाही.

इथं आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. पियानोत पट्टीवर जोर दिला की हातोडी तारेवर जोरात बसते, आवाज वाढतो. पेटीत पट्टी दाबल्यावर फक्त झडप उघडते आणि भात्यातली हवा रीडमधून जाते. झडप उघडल्यावर कितीही दाबा, आवाज वाढत नाही. तो भात्याच्या दाबावर. म्हणजे बोटांचा जादा जोर सगळा वाया! खांदे खाली, मनगट पट्ट्यांच्या पातळीला, बोटं किंचित वाकलेली आणि भाता संथ, एवढं पुरतं.

गोविंदराव पेटीपाशीच थांबले नाहीत. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या. ठुमरी-कजरीचा ढंग त्यांनी मराठी नाट्यपदांत आणला. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. 1932 च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिलं. ‘माझा संगीत व्यासंग’सारखी पुस्तकंही लिहिली.

पण ज्या वाद्यानं नाव दिलं, त्याच्यावरच घाला आला. ठरलेल्या सुरांचं हे परदेशी वाद्य आपल्या रागांना चालत नाही, असं म्हणत 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली. ही बंदी 1971 पासून हळूहळू उठू लागली. ते पाहायला गोविंदराव नव्हते, 1955 सालीच ते गेले. आक्षेप अगदीच खोटा नव्हता, पेटीला मर्यादा आहेतच. पण त्या मर्यादेत राहूनही गाता येतं, हे त्यांनी बंदीच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं.

आता सप्त्यात पेटीवर बसलो की मी आधी खांदे सैल सोडतो. वादन फार सुधारलंय असं नाही म्हणणार, पण हात दुखत नाही आणि गाणाऱ्याचा आवाज नीट ऐकू येतो. साथीला आणखी काय लागतं?